मैदान आणि हमरस्त्याच्या मधले माझे घर

मी, हायस्कुलातील सुतारकामाची निवृत्त शिक्षिका, मुलांमध्ये ‘रंधाबाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला राग आला आहे, पण तो आजार नव्हे.

१. माझे घर स्वकष्टार्जित आहे. शाळेचे मैदान आणि हमरस्ता यांच्या मधोमध ते उभे आहे. माझा धाकटा भाऊ शाळा समितीचा अध्यक्ष. त्याने मैदान दुकानांसाठी विकायला काढले आणि रस्त्यासाठी माझे घर पाडायला मिळेल, असा शब्द बिल्डरला देऊन टाकला. मी जिवंत असताना! जाब विचारला, तर म्हणतो, “ताई, तुझ्यामागे ते माझंच की!” मैदान गेले की शाळेची मान्यता जाणार आणि शाळा बंद. पुढचे हायस्कूल इतके लांब आहे, की मुलींना तिथे कोणी पाठवणार नाही. हे त्याला चांगले ठाऊक आहे.

सबब हे घर मी माजी विद्यार्थी संघाला देत आहे. तिथे सुतारकामाचा वर्ग चालवावा. घर विकू नये, पाडू नये, त्यातून हातगाडीलाही वाट देऊ नये.

२. आमच्या शाळेत दहावीची मुले निरोपाआधी स्वतःच्या हाताने एक बाक करून येणाऱ्या आठवीला देत. समितीने ते सगळे बाक वखारीत धाडले. मी भर रस्त्यात टेम्पो अडवला आणि नको नको ते बोलले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. बाक माझ्या बाहेरच्या खोलीत आहेत, ते वर्गांत परत जावेत. भावाच्या तुकडीचा बाक पहिल्या दिवसापासून डुगडुगतो. तो अध्यक्षांच्या खुर्चीच्या जागी ठेवावा.

३. रंधे, पटाश्या, करवती सुतारकाम शिकवायला जी कोणी पुढे येईल तिला द्याव्यात. “हे बायकांचं काम नव्हे,” म्हणणाऱ्या जुन्या हेडमास्तरांना त्यातला खिळाही मिळू नये. ते हयात नसल्यास त्यांच्या मुलालाही नको.

४. बँकेतील शिल्लक वकिलांकडे राहावी, कारण भाऊ कोर्टात जाणारच. याच शाळेत पहिल्या दिवशी मीच त्याला हाताला धरून नेले होते. त्याचे फार वाईट वाटते, म्हणून राग जास्त.

५. माझ्यासाठी शाळेला सुट्टी देऊ नये. शोकसभेत भाऊ भाषणाला उठलाच, तर घंटा द्यावी.

ठिकाण: माझ्याच घरात.
तारीख: शाळा उघडली तो दिवस.
(सही) रंधाबाई

साक्षीदार:
१. शाळेसमोरचा औषधवाला (सही)
२. माझी भावजय, अध्यक्षांची बायको. वकिलांनी विचारले, “वहिनी, घरी काय सांगाल?” ती म्हणाली, “आपली पोर यंदा आठवीत गेलीय, एवढंच सांगेन.” हे इथे लिहावे, असा तिचाच आग्रह. (सही)