धानाच्या ढोलीवरचं अक्षर

सावली, जिल्हा चांदा
ता. ६ जून १९५७

चि. सौ. गोकुळा हीस सासरे मामाजींचे अनेक आशीर्वाद. इकडे ठीक आहे. तू भामरागडला भावाकडे सुखरूप पोचलीस असं धरून चालतो. भावजय बाळंत झाली का?

सकाळपासून कानात एकच आवाज आहे. माझा घनश्याम दुसरीत असताना ओसरीवर कविता पाठ करायचा आणि टाचेने मागच्या भिंतीवर ताल धरायचा. धप, धप. तुझी सासू आतून ओरडायची, "भित पाडतं का रे पोट्ट्या!" टाच थांबायची, कविता नाही. भिंतीला तिथे अजून खळगा आहे.

तू निघताना म्हणालीस, "मामाजी, चिठ्ठी वाचून झाली का लगेच कळवजा." म्हणून लिहितो आहे. पण सरळ लिहवत नाही, जरा मागून येतो.

तुझा घनश्याम लढाईत ब्रह्मदेशात बेपत्ता, एवढंच पलटणीने कळवलं होतं. मग पाच वर्षांपूर्वी ते जपानी पत्र आलं. चांद्यात, नागपुरात कोणालाच वाचता येईना. मीच शिकायचं ठरवलं. गाव हसलं. देवाजी पाटील अजून विचारतात, "मास्तर, जपान कुठवर आला जी?" नागपूरच्या रद्दीवाल्याकडे गोऱ्या शिपायांसाठी छापलेलं जपानीचं पुस्तक मिळालं, सुरुवातीची अकरा पानं फाटलेलं. कोश कलकत्त्याहून आला. पहिल्याच तक्त्याला जीव हरखला: का, कि, कु, के, को! आपलीच बाराखडी, फक्त गरीब घरची. मी ती चालीवर म्हणायचो आणि तू चुलीपासून माझ्यामागून. चित्रांसारखी अक्षरं आपण राखेत काडीने गिरवायचो आणि मी प्रत्येकावर एक ओळ रचायचो. एक झाड एकलं, दोन झाडांची राई, तीन झाडं झाली की वाट सापडत नाही. ही तुझी आवडती.

त्या पत्रात एक अक्षर तीनदा होतं. तू बोट ठेवून विचारलंस, "हे का होय मामाजी?" मी म्हणालो, "धान." तुला केवढा आनंद झाला. तू ते चुन्याने धान साठवायच्या ढोलीवर काढलंस, हळदकुंकू वाहिलंस.

गोकुळा, ते धान नव्हे. ते मरण आहे.

पत्र दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, माझं वाचून झालं होतं. लिहिणारा जपान्यांच्या हाती सापडलेल्या कैद्यांच्या दवाखान्यात पाणी द्यायचा. घनश्यामला ताप होता. तिसऱ्या दिवशी गेला. त्याला नदीकाठी एका झाडाखाली पुरलं. खिशात माझ्या पत्राचं पाकीट होतं, त्यावरचा पत्ता या माणसाने इतकी वर्षं जपून ठेवला. उशिराबद्दल क्षमा मागितली आहे. एवढंच पत्र.

त्यानंतर सात महिन्यांनी व्याहाडच्या मनसारामने तुला मागणी घातली. बिजवर, पण सरळ माणूस. आपल्यात विधवेचा पाट लागतो, पंचांना फक्त एक शब्द हवा होता. देवाजी पाटील ओसरीवर बसून म्हणाले, "मास्तर, चिठ्ठीत का लिवलं हाय तेवढं सांगा. पोरगा जिता असन तं पाट कसा लावाचा?" तू दाराआड उभी होतीस. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "अजून अर्धी राहिली आहे." तू आत जाऊन तांदूळ निवडायला बसलीस. निवडलेलेच.

पोराचं मरण ओठांवर येईना, असं लिहिलं तर शोभेल. तसं नाही. तू गेलीस तर मला ताट कोण वाढेल, माझ्या ओळी कोण ऐकेल, एवढंच तेव्हा मनात आलं. पुढे मी तुझ्यासमोर कोश उघडून वाचलेलंच वाचत राहिलो. वर 'सौ.' लिहिलं, तेही त्याच सवयीने.

नदी चढली की भामरागडची डाक बंद पडेल, म्हणून आजच टाकतो. हे भावाला दाखवू नकोस, तुझं तूच वाच. मनसाराम अजून एकटा आहे. तू हो म्हण, मी पंचांपुढे उभा राहून सगळं सांगतो. मग त्यांनी मला वाळीत टाकलं तरी

मध्येच उठावं लागलं. दारात मनसाराम आला आहे. मागणी परतल्यापासून त्याने या घराची पायरी चढली नव्हती. हातात पितळेची वाटी, वाटीत हळदीचे तांदूळ. म्हणाला, "सोमवारी पाट हाय माहा जी. मूल गावची बाई हाय. तुम्ही आल्याबिगर अक्षत पडाची नाई." मग गाव हसतं तसं हसून विचारलं, "अन् चिठ्ठी? झाली का वाचून?"

मी म्हणालो, "झाली."

त्याचं हसू गेलं. काय लिहिलंय ते त्याने विचारलं नाही. उंबऱ्यापाशी खाली बसला आहे. वाटी अजून त्याच्याच हातात आहे, आणि ती घ्यायला माझा हात पुढे होत नाही.

तुला आशीर्वाद लिहायचा ज्याला आता अधिकार नाही,
तो गुणवंत मास्तर