सात क्रमांकाचा बिल्ला

३ मार्च
आज शीतगृहाच्या व्यवस्थापकपदाचा कार्यभार स्वीकारला. चोपन्नाव्या वर्षी नवी नोकरी, म्हणून सौ.ने दोन स्वेटर दिले. एकात भागेल असे मी म्हणालो होतो; तिचेच खरे ठरले. जागा अतिशय नेटकी आहे. पाच खोल्या, प्रत्येकीच्या दाराबाहेर एक व्हॉल्व्ह आणि तो हाताने बंद करण्याचे चाक.

मिस्त्री मिश्कील गृहस्थ आहेत. त्यांनी समजावले की थंडी व्हॉल्व्ह निर्माण करत नाही. दाबाखालचा द्रव तो अरुंद तोंडातून बेताने सोडतो. दाब उतरताच हा द्रव आतल्या नळ्यांत उकळतो आणि खोलीतली ऊब शोषून नेतो. खोलीत ऊब जास्त असली, की व्हॉल्व्ह आपणहून अधिक उघडतो. "वाढप्यासारखा, साहेब. भूक बघून वाढतो!"

पाचव्या खोलीचे चाक बंद असून त्यावर सात क्रमांकाचा पितळी बिल्ला आहे. आत दुरुस्तीस जाणाऱ्याने चाक बंद करून आपला बिल्ला लावावा, आणि बाहेर आल्यावर तो स्वतःच काढावा, असा येथील नियम. हा बिल्ला माझ्या आधीच्या व्यवस्थापकांचा. दोन वर्षांपूर्वी ते न कळवता नोकरी सोडून गेले, असे दप्तरात नमूद आहे.

५ मार्च
फळांच्या पेट्या येणार असल्याने पाचवी खोली हवी होती. स्वतः आत जाऊन चारही कोपरे पाहिले. रिकामी. मिस्त्री बिल्ल्याला हात लावेनात. म्हणाले, "कागदावर गेला म्हणजे माणूस गेला, असं तुमच्यात असेल. आमच्यात बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे." मी हसून बिल्ला काढला आणि चाक उघडले.

८ मार्च
एक गोष्ट खटकते. रिकामी खोली एकदा थंड झाली, की तिला द्रव थोडाच लागावा. पाचवीचा व्हॉल्व्ह मात्र सतत उघडलेला. तीनदा तपासून घेतला, निर्दोष आहे. मिस्त्री म्हणाले, आत कोणीतरी ऊब देतंय. हे सांगताना ते हसले नाहीत.

९ मार्च
आत गेलो. नळ्यांवर सर्वत्र बर्फाचा थर. केवळ उजव्या भिंतीशी एक पट्टा उघडा, ओला. फूटपट्टीने मोजला. रुंदी अठरा इंच, जमिनीपासून उंची तीन फूट. माणूस पाठ टेकून बसला, तर एवढाच होईल.

१० मार्च
पट्टा चौदा इंच.

११ मार्च
नऊ. व्हॉल्व्हही मिटत चालला आहे. आतली ऊब संपते आहे. दिसत कोणीच नाही, परंतु कोणीतरी गोठते आहे, आणि चाक मी उघडले.

बंद केले. पेट्या थांबवा, असे मालकांना कळवले. ते भडकले, उद्या स्वतः येतो म्हणाले.

१२ मार्च, दुपार
चाक बंद करूनही पट्टा सहावर आला. राहवले नाही. माझा बारा क्रमांकाचा बिल्ला लावून आत आलो. पट्ट्याला लागूनच पाठ टेकून बसलो आहे — निदान माझी ऊब तरी —

रुंदावतो आहे. दहा. चौदा. बरे वाटले.

माझ्या पाठीमागचा बर्फ मात्र वितळत नाही. तळहात दाबून धरला. वितळत नाही —

दार उघडले. मालक आले, मागे मिस्त्री. मी उठलो, हाक मारली. मालक माझ्याकडेच पाहत म्हणाले, कोणी नाही इथे. मिस्त्री "साहेब, साहेब" करत माझ्या अंगावरून — मी त्यांची बाही धरली, त्यांना —

शेजारून कोणीतरी उठले. ओली पावले. त्या दोघांच्या मागोमाग बाहेर —

दार लागले. बाहेर मिस्त्री ओरडत आहेत, काढू नका, साहेब आत आहेत. मालक म्हणतात, आत्ताच पाहिली ना खोली —

पितळ फरशीवर वाजले —

नळीत द्रव स