अजून मासे नाहीत!

२ फेब्रुवारी
माशांची टाकी आली! दोनशे लिटर! वर चढवताना नवऱ्याचा घामटा निघाला. सासऱ्यांच्या खोलीत, पलंगासमोरच लावली. ते कूस बदलून भिंतीकडे वळले. तीस वर्षं बंदरात पाणबुडे होते — जहाजांच्या बुडाशी जाऊन दुरुस्त्या करायचे. कान गेले आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलं. तेव्हापासून आमच्याकडे. बोलणं जवळजवळ नाहीच.

३ फेब्रुवारी
दिवसभर बादल्या! टाकीसाठीचं खास मीठ कालवलं, समुद्रातले भोकाभोकांचे दगड रचले. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "महिनाभर मासे नाहीत हं! चिमूटभर खाद्य टाका, कुजू द्या. त्यातून विष होईल, मग ते खाणारे जिवाणू वाढतील. विष संपलं की या."
म्हणजे सध्या मी कुजकं खाद्य पाळलंय!

९ फेब्रुवारी
विष तयार झालं! अमोनिया चढला!! चाचणीची नळी हिरवीगार. पंधरा वर्षं लोकांची रक्तं तपासते आहे, वाईट रिपोर्ट बघून नाचले आजच. सासऱ्यांना दाखवायला धावले. "बाबा, बघा!" — एवढ्या मोठ्यांदा, की शेजारणीलाही कळलं असणार.
ते म्हणाले, "हं."
हेही नसे थोडके.

१४ फेब्रुवारी
पाणी गढूळ झालं. आणि सासरे उठून बसलेले! "हे कसलं गढूळ? आम्हाला स्वतःचा हात दिसायचा नाही. चाचपत काम करायचो." सलग तीन वाक्यं! मी दारातच खिळले. भाजी करपली. करपू दे.

१९ फेब्रुवारी
अमोनिया उतरतोय. आता दुसरं विष — नायट्राइट. नळी जांभळी.

२४ फेब्रुवारी
जांभळीच.

२६ फेब्रुवारी
नवऱ्यानं कहर केला. न सांगता दोन नारिंगी मासे घेऊन आला. "किती दिवस नुसतं पाणी बघायचं? बाबांना जरा बरं वाटेल."
मी नळी त्याच्या नाकासमोर धरली. "मरतील रे!"
"दोनच तर आहेत!" म्हणत तो कात्री घेऊन पिशवी कापायला निघाला. तेवढ्यात सासरे पलंगावरून उतरले आणि टाकीला पाठ लावून उभे राहिले.
"घाई वरच्याला असते. मरतो खालचा."
नवऱ्यानं कात्री खाली ठेवली. सासरे पुढे म्हणाले,
"हवेच्या नळीत बिघाड आहे, थांबा म्हणालो होतो. साहेबानं ऐकलं नाही. माझ्या जोडीदाराला सोडला खाली."
नवरा त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "बाबा, हे कधी बोलला नाहीत तुम्ही."
"विचारलं कुणी?"
तो मुकाट्यानं मासे परत देऊन आला. मग बराच वेळ सासऱ्यांच्या पायाशी बसून होता.

५ मार्च
जांभळा फिका पडतोय! हल्ली नळीत थेंब सासरेच टाकतात. माझा हात हलतो म्हणे! पंधरा वर्षांच्या नोकरीवर बोळा फिरवला की हो!

११ मार्च
शून्य! अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य — सलग तिसरा दिवस! उद्या मासे!! सासऱ्यांना म्हटलं, तुम्हीच निवडा, चला दुकानात. दीड वर्ष घराचा उंबरा ओलांडलेला नाही त्यांनी.
"तुम्ही जा," म्हणाले.
बरं. फार ताणायचं नाही.

१२ मार्च
पहाटेच हाक — "सूनबाई, धाव!" दगडाच्या भोकातून खेकडा बाहेर आलेला! अंगठ्याएवढा. महिनाभर त्या विषात तग धरून होता, आणि आम्हाला पत्ता नाही! दुकानदार फोनवर म्हणाला, "काढून टाका, मासे धरून खाईल." मी ते सासऱ्यांना ओरडून सांगितलं.
"मग मासे नकोत," ते म्हणाले. चपला शोधल्या, आणि खेकडा काय खातो ते दुकानदाराला विचारायला एकटेच जिना उतरून गेले.