सोळाव्या घराची धूळ

सेंट ऑडेल, लुईझियाना
९ ऑक्टोबर

प्रिय एल्रॉय,

तू आणि जोनी बरे असाल. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. रविवारी गंबोचं कालवण केलं होतं, तुमचा वाटा फ्रीजमध्ये ठेवलाय. ईस्टरपासून तू बोलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आमच्या चर्चच्या बायकांना घराघरातली धूळ तपासायला अनुदान मिळालं, हे तुला माहीत आहे. नमुने आम्हीच घ्यायचे, अहवालही आम्हीच लिहायचा. पंधरा घरांचे निकाल आले. सगळी स्वच्छ! कुंपणापलीकडे तू कामाला जातोस ती भंगार वितळवणारी भट्टी, आणि धुळीत शिसं नाहीच! मी चक्रावले.

मग मिस ऑपलीन म्हणाल्या, "अगं, तपासायला माणसं येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी मी खिडक्यासुद्धा पुसल्या. माझ्या घरात धूळ सापडली तर चर्चमध्ये तोंड कुठे लपवू?"

पंधराही जणींनी तेच केलं होतं. हसावं की रडावं कळेना. सोमवारी हा अहवाल गेला तर भट्टीवाले तो फ्रेम करून लावतील, आणि पुढचं अनुदान विसराच.

अनुदानात तपासण्या सोळाच मिळाल्या होत्या. एक उरली होती. आणि गावात न पुसलेलं घर एकच. रागावू नकोस, लोरेटा तुला आणि जोनीला सोडून गेल्यापासून तू केर तरी कधी काढलास? तू पाळीवर असताना मी माझ्याजवळच्या किल्लीनं आत शिरले, धूळ घेतली. तुला न विचारता. एवढं लिहायला तीन कागद फाडले.

संमतीपत्र सोबत आहे. तुझी सही नसेल तर नमुना बाद. हा नियम मीच सगळ्यांकडून घोकून घेतलाय. सही केलीस तर घर कुणाचं, हे भट्टीवर कळायला दोन दिवस पुरे. "माझी नोकरी गेली तर पोरीला तू जेवू घालशील का?" असं तू ईस्टरला सगळ्यांसमोर विचारलं होतंस. ते मी विसरले नाहीये.

सहीचं तुझं तू ठरव. नाही केलीस तर सोमवारी मी अनुदान देणाऱ्या संस्थेला सांगेन, आमचा अहवाल खोटा आहे, फेकून द्या.

पण ती धूळ जोनीच्या खाटेशेजारच्या खिडकीतली आहे. शिसं मर्यादेच्या नऊपट निघालं. पत्र वाचून होताच तिची खाट हलव, उद्या तिचं रक्त तपासून घे. शिव्या मला नंतर घाल, पोटभर.

तुझ्या घरात चोरी करणारी, तरी तुझीच बहीण,
व्हर्नेल