धिंगरीच्या खोलीतली दमटपणाची मशीन

आमगाव, रविवार

चि. योगराज जावईबापूंना केवळरामचे अनेक आशीर्वाद. तुमची तब्येत, मंजूची तब्येत आणि तुमच्या आईसाहेबांचा गुडघा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही ठीक आहोत. (मी थोडा कमी.)

तुम्ही पाठवलेला मायक्रोकंट्रोलर, दमटपणा मोजणारा सेन्सर आणि काडेपेटीपेक्षा लहान पडदा मिळाला. तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्या सासूबाईंनी, म्हणजे शकुंतलाबाईंनी, मागच्या खोलीत तणसाच्या (भाताच्या पेंढ्याच्या) वीस पिशव्यांत धिंगरी, म्हणजे मशरूम लावली आहे आणि पहिला माल बाजारात न्यायचं बचतगटाच्या बायकांना सांगून बसल्या आहेत. खोलीत दमटपणा ऐंशी ते नव्वद टक्के पाहिजे. मी म्हटलं, अंदाजानं काऊन चालायचं, आपण मशीन बनवू. तुमच्या चित्राप्रमाणे तारा जोडल्या (एक तार आखूड पडली, म्हणून पडदा जरा फिरवून डब्यात चिकटवला), तुमचा प्रोग्राम भरला आणि आकडा आला! नुसता आकडा आणि टक्क्याची खूण.

आकडा होता 98. मी घाबरून खिडक्या उघडल्या, ओली पोती काढली, पंखा लावला. तासाभरानं पाहतो तर 18! एवढा कोरडेपणा आपल्याकडे मे महिन्यातही क्वचित. मी फवारा घेऊन भिंती भिजवल्या. मग L8 आलं. L म्हणजे लो, असं समजून अजून दोन बादल्या मारल्या. शेवटी 86 आलं. मी दार लावून समाधानानं तीन दिवस बसलो.

चौथ्या दिवशी वास आला. शकुंतलाबाई स्टुलावर चढून, मांडणीच्या मागून, तिथं टांगलेल्या डब्यावरून वाकून, बुळबुळीत झालेल्या पिशव्या काढत होत्या. तिथूनच ओरडल्या, "काऊन जी, हे तं 98 आहे!"

"86 आहे," मी खालून म्हणालो.

"माह्या डोळ्यानं पाहून राहिली ना मी!"

आम्ही जागा बदलल्या. मी स्टुलावर, त्या खाली. आता त्या 86 म्हणत होत्या आणि मी 98. असं तीनदा झालं. जावईबापू, एवढा गोंधळ मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी डबा काढून उलटा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मग डबा माझ्या हातात दिला आणि परत पिशव्या काढायला लागल्या.

आठ पिशव्या फेकल्या. बारा वाचल्या. डबा आता उलटा टांगला आहे आणि आकडे सरळ येतात. (ते L8 म्हणजे उलटं 87 होतं.) काल पहिली धिंगरी बाजारात गेली, दुपारच्या आत संपली. बायकांनी मशीनचं फार कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं.

आपला,
केवळराम

ता. क. शकुंतलाबाई आता दारात उभ्या राहून, आकडा न पाहता दमटपणा सांगतात. दोनाच्या वर फरक पडत नाही. मग मशीन कायले बनवली, हे मला अजून उमगलं नाही.

ता. ता. क. मंजूला मात्र मशीन बिघडली आहे, असंच सांगा. तिच्याशिवाय दुरुस्त होणार नाही, आठ दिवस तरी लागतील, असंही सांगा. तिची आई स्वतःहून बोलवणार नाही, पण सकाळपासून तिची खोली झाडून राहिली आहे.