एशी बसवायला भरवशाचा माणूस

१८ एप्रिल २००५, सोमवार
सगळ्यात आधी टपकला तो दौंडचा गॉगलवाला. रतनबाईनं तिच्या अंगणातनंच बघितला आन् कुंपणापाशी येऊन म्हणली, बानूबाई, बँकेचा साहेब आलाय का काय? म्हणलं न्हाई गं, खोली गार करायची एशी बसवणारा हाय. तर तोंडाला पदर लावून हसली. हसू दे. तिची नातवंडं अंगणात लोळून वाढली, आमची सृष्टी पुण्याची हाय. मागल्या मे महिन्यात ह्या स्लॅबखाली पोरीच्या पाठीवर घामोळ्या उठल्या, ज्वारीच्या कणसावानी. तिसऱ्याच दिवशी आमची सून, धनश्री, तिला घेऊन गेली.
औंदा सुदर्शन फोनवर म्हणला, आई, मशीन मी धाडतो. तीन माणसं खोली बघून जातील, त्यातला भरवशाचा तू निवड. खोली गार झाली तर सृष्टी सबंध मे महिना तुझ्यापाशी.
सबंध महिना! लगेच खताच्या दुकानाची डायरी काढली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं कवा कामी यायचं? रोज लिहायचं ठरवलं. माणूस पारखण्यात मला कोण हरवतंय? मेंढरांच्या कळपातला नर मीच निवडायची, आमचं हे नुसते दोरी धरायचे.
गॉगलवाला ह्यांच्या खोलीत शिरला. खिडकी कायमची बंद करा म्हणला. बाद. बुटासकट आत आला म्हणून.

२० एप्रिल
काल लिहिलं न्हाई. सांडगे घातले.
दुपारी तीनला घंटी वाजली. रोजच वाजती. कळपाच्या पुढं चालायचा त्या मेंढ्याच्या गळ्यातली हाय, खिडकीजवळच्या खुंटीला टांगलीया. खाली ह्यांची घोंगडी. हे जाऊन दोन वर्सं झाली. तीनलाच मेंढरं पाण्यावर न्यायचे.
रतनबाई म्हणती वारं असतं. वाऱ्याला घड्याळ कळतं व्हय?

२२ एप्रिल
शिरूरचा हनुमंत आला. बूट बाहेर काढले. चहा दोनदा घेतला, चुलत्याच्या लग्नाची सगळी हकिकत सांगितली, नवरी कशी मांडवात रुसली ते. लई गोड माणूस. पण हा बी तेच. आजी, खिडकी बंद पायजे, न्हाईतर गारवा सगळा रानात जाईल. आन् ही खुंटी काढून टाकू.
बाद. कान बारीक हायत त्याचे. बारीक कानाचं जनावर आम्ही कवाच घेतलं न्हाई.

२५ एप्रिल, सोमवार
कोरेगाव भीमाचा जयसिंग आला. कंपन्यांत एशी बसवतो. खोलीच्या उंबऱ्यात आला आन् तिथंच थांबला. म्हणला, आजी, इथं कोण बसतं? म्हणलं कुणी न्हाई. मग म्हणला, घोंगडी मधनं कशी दबलीया?
मला लई बरं वाटलं. पहिल्यांदा कुणाला तरी दिसलं.
खुंटीला हात लावत न्हाई म्हणला, पाईप वरनं काढतो. खिडकीचं बोललाच न्हाई. मी बी विचारलं न्हाई. हाच भरवशाचा.

२६ एप्रिल
तरी देवाला विचारावं म्हणून बिरोबापुढं कौल लावला, मूर्तीला दोन बाजूंना दोन कळ्या चिकटवून. उजवी कळी पडली तर जयसिंग, डावी पडली तर न्हाई. पहिल्यांदा डावी पडली. पण गुरव शिंकला, ते धरायचं न्हाई. दुसऱ्यांदा बी डावी. कळी कोमेजलेली व्हती. तिसऱ्यांदा मी स्वता लावल्या, डावी जरा दाबून. उजवी पडली.
देव कसा स्पष्ट बोलतो.

२९ एप्रिल
मशीन बसली. खोली विहिरीच्या तळावानी गार. जाता जाता जयसिंगनं खिडकी लावली आन् फटीला काळी पट्टी चिकटवली. आता उघडायची न्हाई हं आजी. व्हय म्हणलं.
तीन वाजले. साडेतीन वाजले. घंटी वाजली न्हाई.
ह्यांच्या शेवटच्या दिवशी पाऊस आत येत व्हता म्हणून मी खिडकी लावली व्हती. हे म्हणले, उघड. म्हणलं थांबा जरा, दूध बघून येते.
दूध बघून आले.

१ मे, रविवार
आली आली! सृष्टी आली! सुदर्शन, धनश्री बी. आल्या आल्या मशीनखाली हात पसरून उभी राहिली, म्हणली, आज्जे, तुझ्याकडं महाबळेश्वर हाय. पुरणपोळी केली. दोन खाल्ल्या पोरीनं. महिनाभर रोज नवीन काहीतरी करायचं ठरवलं.

३ मे
दुपारी मशीनला जरा इसावा दिला. यंत्रालाबी जीव असतो. पट्टीचा एक कोपराच उचलला मी, बाकीची आपोआप निघाली. घंटी दोनदा वाजली, हळू. सृष्टी घामानं भिजून उठली. मी म्हणलं, लाईट गेली बाळा.

४ मे
परत लाईट गेली. सृष्टी म्हणली, आज्जे, मग टीव्हीचा लाल दिवा कसा काय पेटलाय? पोरगी हुशार हाय. माझ्यावर गेलीया.

५ मे
घामोळ्या उठल्या. सुदर्शननं जयसिंगला फोन करून झाप झाप झापला. मला बिचाऱ्याचं वाईट वाटलं, पण मधी बोलले न्हाई.

६ मे, शुक्रवार
जयसिंग आला. मशीन खोलून बघितली. म्हणला, साहेब, मशीन एक नंबर हाय. ही पट्टी कुणीतरी नखानं काढलीया.
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, माझ्याकडं काय बघताय, घरात मी एकटीच राहती व्हय? तीनला खिडकी उघडी लागती ह्यांना.
धनश्रीनं सृष्टीला जवळ ओढून घेतलं. सुदर्शन म्हणला, आई. जयसिंग हत्यारं गोळा करून चपला न घालताच अंगणात गेला, हातात धरून.

७ मे, शनिवार
सगळी सकाळीच गेली. सृष्टीचा डान्सचा क्लास हाय म्हणं, आधी कुणाच्या ध्यानातच न्हाई आलं. गाडीतनं लई येळ हात हलवत व्हती. घामोळ्यांवर पावडर लावून दिली.
मग खिडकी सताड उघडली. आता कुणाची आडकाठी न्हाई. घोंगडी झटकली, अंथरली, शेजारी बसले. तीन वाजले. चार वाजले. बाहेर बाभळीचं पान हलंना. घंटी गप.
म्हणलं, रुसलाय व्हय? खिडकी उघडी हाय की.
शेवटाला एशी बी चालू केली. खिडकी उघडीच. मशीनचा वारा सरळ खुंटीवर येतो. घंटी वाजली. वाजती तशी, पण सारखीच वाजती, थांबतच न्हाई. हे असं कवा वाजवत न्हवते.
तरी एशी गार लई चांगलं करती. माणूस मात्र भरवशाचा निवडला मी.
सुदर्शन आन् धनश्री दसऱ्याला येतो म्हणलेत. कॅलेंडरात बघितलं. दसरा १२ ऑक्टोबरला हाय, बुधवारी.