टूकनच्या ढोलीखाली

॥ येशू, मारिया, होसे ॥
साबालोस नदीकाठ, २४ मार्च १९७१

ती. दोमितिलाताईस,
धाकट्या क्लोतिल्देचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेला साबण आणि दोरा पोचला. कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिते आहे, वाचताना डोळे ताणावे लागतील, राग मानू नकोस.

इकडची बातमी बरी नाही. आपल्या फेर्मीनचा तोबियास, तळहाताएवढं लेकरू, दिवसेंदिवस वाळत चाललंय. हगवण थांबत नाही. आसुसेनाच्या दुधातच दोष आहे असं मी तिच्या तोंडावर बोलले, माहेरी पाठवण्याचीही भाषा केली. ती चुलीपाशी बसून नुसती रडली. तेव्हा फेर्मीन मध्ये पडला. म्हणाला, आई, तिला काही बोलू नकोस, लाकूडतोडीच्या तळावर मी टूकन खाल्ला.

ताई, माझी भाकरी तव्यावरच जळली. घरात पाळणा हलत असताना बापानं टूकन खाऊ नये हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पोटात गेलेला पक्षी बाळाला आतून खातो. तेही ईस्टरआधीच्या उपासात, मांस वर्ज्य असताना! मी त्याला विचारलं, तुला भूक लागली होती की अक्कल संपली होती.

चेपा सुईणीनं उतारा सांगितला आहे. बापानं टूकनच्या ढोलीखाली बसायचं. जोडी न बुजता त्याच्यासमोर पिलांना भरवू लागली, की माफी झाली. ओढ्यापलीकडच्या उंच झाडात सुतार पक्ष्यानं सोडलेली ढोली सापडली. मी स्वतः पाहून आले. काळा कोट, पिवळी छाती, शेपटीखाली लाल चिंधी, आणि ती हिरवी-नारिंगी चोच, टोक रक्तात बुडवल्यासारखं. भाऊजींच्या नाकाची आठवण झाली, देव मला क्षमा करो.

जपमाळेत तोबियासचं नाव घे.
तुझी क्लोती


सान कार्लोस, २७ मार्च

चि. क्लोतिल्देस,
अनेक आशीर्वाद.

यांना तुझं नाकाचं वाक्य वाचून दाखवलं. म्हणाले, मेव्हणीला सांग, या नाकाला पोराच्या आजाराचा वास येतोय आणि तो टूकनचा नाही.

क्लोती, हसण्यावारी नेऊ नकोस. इथल्या दवाखान्यात अशी लेकरं रोज येतात आणि बरी होऊन जातात. चेपाबाईंचा मान ठेव, बापाला बसव ढोलीखाली. पण पोराला गुरुवारच्या लाँचवर घाल. देवानं दोन हात दिलेत ते एकच काम करायला नव्हे. मी धक्क्यावर उभी राहीन.

आसुसेनाला बोलू नकोस. आपल्या सासवांनी आपल्याला काय काय म्हटलं ते आठव.
दोमितिला


ढोलीखालून, ३१ मार्च

ती. दोमितिलामावशीस,
फेर्मीनचा सा. न.

साखरेच्या पुड्याच्या कागदावर लिहितोय. उद्या लाँचवाल्याच्या हाती देईन. आईला कळू देऊ नका.

मावशी, मी टूकन खाल्ला नाही. तळावर दुसऱ्यांनी मारला, मी मीठभात खाऊन झोपलो. आई आसुसेनाला घालवून द्यायला निघाली होती, म्हणून तोंडातून निघून गेलं. आता खरं सांगितलं तर सगळं पुन्हा तिच्यावर जाईल. तिलाही मी तेच खोटं सांगितलं आहे. ती माझ्याकडे बघत नाही.

तुमचं पत्र आईनं वाचलं. पण चेपाबाई म्हणतात, माफी होईपर्यंत पोर या पक्ष्याच्या आवाजाबाहेर नेलं तर वाटेतच जाईल. म्हणून आई नदी ओलांडू देत नाही.

इथं मी खाली बसलोय म्हणून जोडी ढोलीशी येतच नाही. नर-मादी दोघं आळीपाळीनं चोचीच्या टोकात फळ धरून समोरच्या फांदीवर उतरतात, बेडकासारखं ओरडतात, मान तिरकी करून मला बघतात आणि उडून जातात. ढोलीत पिलं ओरडत राहतात. मी उठलो तर ती लगेच भरवतील. मी उठलो तर उतारा मोडला असं होईल.

मी काय करू? तुम्ही लिहाल ते करीन.
फेर्मीन


सान कार्लोस, ३ एप्रिल

चि. फेर्मीनास,

हे वाचशील त्या क्षणी ऊठ. आधी पोर होडीत घाल, खरंखोटं नंतर. पुढच्या गुरुवारी पवित्र आठवड्यामुळे लाँच नाही, तिची वाट बघू नकोस. मिळेल ती होडी घे. आसुसेनालाही आण, माझ्या घरी तिला कुणी काही बोलणार नाही. तुझ्या आईचं मी बघते.
मावशी


॥ येशू, मारिया, होसे ॥
साबालोस नदीकाठ, १४ एप्रिल

ती. ताईस,
क्लोतिल्देचा नमस्कार.

तोबियास गुड फ्रायडेला सकाळी गेला. पांढरं झबलं मीच शिवलं, तुझ्याच दोऱ्यानं. त्या दिवशी गेलेलं लेकरू थेट स्वर्गात जातं असं मी सगळ्यांना सांगते आहे.

तू फेर्मीनच्या नावे पाठवलेलं पत्र मी संत अंतोनियोच्या तसबिरीमागे ठेवलं होतं. बैठक पुरी होईपर्यंत नदीपलीकडचं काही त्याच्या हाती देऊ नये, असं चेपा म्हणाली होती. मी ते उघडलं नाही. मातीहून परतल्यावर दिलं. त्यानं उभ्यानं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. ढोलीतली पिलं आधीच गप्प झाली होती म्हणे.

सोमवारी त्यानं शेजारची बंदूक आणली, टूकन पाडला, स्वतः सोलला, स्वतः शिजवला आणि अंगणात सगळ्यांदेखत खायला बसला. चेपा छाती बडवू लागली. मी म्हटलं, खाऊ दे, आता त्या पक्ष्यानं न्यायला उरलंय काय! आसुसेनानं कडवट तोंडानं विचारलं, चव तरी तीच आहे का. तो म्हणाला, मला वाटलं होतं कोंबडीसारखा लागत असेल.

आसुसेना त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठून तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट काढून घेतलं. तेव्हापासून ती त्याला एक क्षण एकटं सोडत नाही, आणि माझ्याशी बोलत नाही.

ताई, टूकन आधी खाल्लेल्या माणसाला चवीबद्दल ‘वाटायचं’ काय असतं? त्याला विचारायला माझा पाय उचलत नाही. लाँचवाला म्हणतो, फेर्मीननं तुला पत्र धाडलं होतं. त्यात काय होतं ते मला लिही. वाचायला जड जाईल असं असलं तरी लिही.

लोभ ठेव असं म्हणायचा मला हक्क उरला आहे की नाही, तेही त्यातच कळव.
क्लोतिल्दे